पाइनचं बोंड

दिवाणखान्यात पडदे अर्धे ओढलेले.
"उन्हानं रेशीम विटतं," मिसेस प्रॉसर सांगतात.
सगळ्यांच्या माना वर,
छताच्या सोनेरी वेलबुट्टीत अडकलेल्या.

खुर्चीखुर्चीवर पाइनचं एकेक बोंड.
'बसू नका' म्हणायची इथली रीत.

आर्थर टिबल्स तेवढा वर बघत नाही.
कुरकुरत्या गुडघ्यांनी शेकोटीपाशी वाकतो,
जाळीच्या मागून बोट फिरवतो,
बोटाकडे बघतो.
"आई होती इथं. चौदाव्या वर्षापासून."

मिसेस प्रॉसर भिंतीवरच्या निळ्या पक्ष्यांत
एकाच्या पोटाशी दाबतात.
कागदासकट दार उघडतं:
चुन्याचा अरुंद जिना,
पायऱ्या मधोमध झिजलेल्या.

त्या वळतात, एका खुर्चीवरचं बोंड उचलतात.
"बसा. कोणी बघत नाहीये."

तो केव्हाच बसलाय,
दुसऱ्या पायरीवर,
टोपी मांडीवर घेऊन.