पहिली गाठ

बाबांच्या उजव्या टाचेवरचा काळा डाग
आम्ही सगळ्यांनी बिब्ब्याचा समजून घेतला.
काटा मोडला होता, आईनं बिब्बा तापवून लावला होता,
आणि बिब्बा काळाच उमटतो,
त्यात बघायचं काय.

चार वर्षं तो डाग
गोळीबार चौकामागच्या गल्लीत
मागाच्या खड्ड्यात उतरत राहिला,
पावडी दाबत राहिला,
एका कडेनं पसरला, टिपकागदावर शाई पसरते तसा.
माग विकला त्या दिवशीही तो सोबत होता.
मग एका सकाळी फरशीवर
न्हाणीपासून चुलीपर्यंत
अर्ध्या टाचेचे लाल ठसे.

डॉक्टर काटोलकर बाईंनी कागदावर पाय काढला.
जमला नाही, दुधी भोपळा झाला.
टाचेपासून जांघेपर्यंत रेघ,
रेघेच्या टोकाला एक गोल.
"इथून काही निघालंच असेल
तर आधी इथं थांबेल.
ही पहारेकरी गाठ.
हिला काढून विचारायचं, कोणी आलं होतं का."

"सीताबर्डीच्या किल्ल्यावर शिपाई रायते, तसा?"
"तसाच."
"आन तोच झोपला असन तं?"

बाई हसल्या नाहीत.
"तसंही होतं कधीकधी," म्हणाल्या.
"म्हणून नंतरही येत राहायचं."

डागाभोवती चार सुया.
बाबांनी माझा हात धरला नाही,
खुर्चीचा दांडा धरला, फणी धरावी तसा घट्ट.
यंत्राच्या पडद्यावर टाचेशी एक चांदणी पेटली.
नंतर बराच वेळ काहीच नाही.
तंत्रज्ञ पोरगा डबा उघडून पोहे खाऊ लागला.
मग फार वर, अंधारात,
एक बारका ठिपका.
दोघांच्या मध्ये, असेल-नसेल अशी रेघ.

त्रेसष्ट वर्षं हा धागा त्यांच्या अंगात होता
आणि ज्या माणसाला अंधारात बोटांनी
तुटका तार सापडायचा
त्याला याचा पत्ता नव्हता.

ऑपरेशनच्या खोलीबाहेर बाकावर
कूलरचं पाणी पायाशी येत होतं.
आत म्हणे एक दांडी फिरवतात अंगावर,
ती किरकिरते, जवळ गेली की जास्त किरकिरते,
आणि कापून पाहिलं तर तिथं निळं.
"एकच होती," बाई बाहेर येऊन म्हणाल्या,
"हरभऱ्याएवढी."
मी विचारलं, कशी होती.
त्या म्हणाल्या, निळी.
मला दुसरंच विचारायचं होतं, त्यांना ते कळलंही होतं.

दुसऱ्या दिवशी बाबा संडासातून ओरडले,
"पमे, हिरवं-निळं चाललं सारं!"
आणि मग, दार लावून घेत, पार जुन्या आवाजात,
"कच्चा रंग वापरला बाप्पा.
पहिल्याच धुन्यात सुटला."

रिपोर्टला बारा दिवस.
बाबा खाटेवर पाय उंच करून पडलेले,
चादरीचं टोक उलटं करून
खालच्या अंगानं बोट फिरवत.
कापड वरून सगळंच चांगलं दिसतं, म्हणायचे,
जोड कुठं दिला ते खालून कळतं.

तेराव्या दिवशी मी पाकीट घेऊन आले.
जिन्यातच वाचलं होतं.
त्यांनी ते विचारलं नाही.
म्हणाले, "मायी गाठ कुठी ठेवली त्याहीनं?"

मेणात, मी म्हणाले.
मेणाच्या वडीत बसवतात,
कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ चकत्या काढतात,
रंगवतात, भिंगाखाली धरतात.

"अजून रंगवतात?"
हो. उरलेली वडी कपाटात राहते. वर्षानुवर्षं.
"नाव टाकून?"
नंबर टाकून.

ते खिडकीकडे बघत राहिले.
समोरच्या गच्चीवर कोणीतरी
मिरच्या वाळत घालत होतं.
"म्हंजे पहारा काही सुटला नाही त्याचा," म्हणाले.

मग चष्मा मागितला, घातला, काढला,
माझ्या हातातल्या पाकिटाकडे बोट केलं.
"वाच आता.
खालच्या अंगानं सुरू कर."