भाग क्रमांक दोनशे सतरा

ग्दिन्यात जानेवारीत तीन वाजताच दिवा लावावा लागतो.
टेबलावर काच, सुरी, तीन जाडीच्या सुया,
बाटलीच्या झाकणात डिंकाचा थेंब
आणि एका विनाशिकेची बारा पानं,
एकाहत्तर सालची छपाई, करडा रंग जरा हिरव्याकडे झुकलेला,
कागद इतका पातळ की श्वास जपून सोडावा लागतो.

मासिक बाबांनीच आणलं होतं स्टेशनवरच्या टपरीतून,
त्सेझारीच्या नवव्या वाढदिवसाला.
आणलं, चाळलं, आणि ठेवून दिलं कपाटावर.
म्हणाले, हात धुतल्याशिवाय शिवायचं नाही.
आम्ही दोघं कितीतरी दिवस हात धुऊन बसलो.
ते खाली आलंच नाही.

त्सेझारी आता हॅमिल्टनला लोकांच्या घरांवर छपरं बसवतो.
कपाट माझ्याकडे आलं.

आधी कणा, मग फासळ्या, एक मिलिमीटर पुठ्ठ्याच्या.
*घडीच्या रेषेवर बोथट सुरी फिरवा, कापू नका.*
सूचनांच्या पानावरचं हे पहिलंच वाक्य.
मी जहाजांच्या यार्डात एकतीस वर्षं पगारपत्रकं लिहिली,
दोनदा लग्न केलं,
इतका उपयोगी सल्ला मला कुणी दिला नव्हता.

तोफांच्या नळ्या सुईभोवती गुंडाळायच्या.
अकरा फुकट गेल्या, बारावी जमली.
कठडे काळ्या दोऱ्याचे.
गोल खिडक्या टोचून काढल्या, तर त्यांच्या टिकल्या घरभर,
बाहीवर, उशीवर, एक चहात.

शेजारची स्तेफानिया दारातूनच विचारते,
पाण्यात तरंगेल का गं हे?
अर्धा मिनिट, मी म्हणते, मग लापशी.
आणि खरं?
खरं सात मिनिटं.

बाबा बॉयलरखोलीत होते.
युद्धानंतर पेन्शनसाठी कागदी घोडे पुष्कळ नाचवले त्यांनी,
ग्दान्स्कला, वॉर्साला, परत ग्दिन्याला.
खिडकीतला माणूस म्हणायचा,
तुम्ही जहाजावर होता याला साक्षीदार आणा,
तुमच्या पाळीतला कुणीही चालेल.
कुणीही.
बाबा टोपी घालून घरी यायचे.

बोलले एकदाच. बटाटे सोलत होते,
साल न तुटता लांब खाली लोंबत होती.
म्हणाले, पाणी शिरलं की दार मागून लावायचं, नियमच आहे.
जो शेवटी बाहेर येईल त्याने लावायचं.
मला वाटलं मी शेवटचा.
मग म्हणाले, मीठ कुठे ठेवलंस.

भाग क्रमांक दोनशे सतरा
मागच्या धुराड्याच्या पायथ्याशी.
रुंदी चार मिलिमीटर, उंची सात,
कडेने आठ काळे ठिपके, म्हणजे खिट्ट्या,
सगळ्या फिरवलेल्या.
छापतानाच बंद करून छापलेलं दार.
सूचना म्हणते, सपाट चिकटवा.

तीन रात्री ते बशीत पडून होतं.
चौथ्या रात्री सुरीला नवं पातं लावलं,
भिंतीवरच दाराच्या तीन बाजू कापल्या,
चौथीवर बोथट सुरी फिरवली, कापली नाही,
आणि नखाच्या टोकाने ओढलं.

आत पांढरं होतं.
कागदाची मागची बाजू, रंग नसलेली,
आतलं कुणी छापत नाही.
मी भिंग लावून बघत राहिले, कशासाठी कोण जाणे.
मान अवघडली. खाली ट्रॉलीबस गेली
आणि सगळं जहाज जरासं थरथरलं.

दार उघडंच ठेवलंय, एका केसाइतकं.

आता दोनशे अठरा.
ती एक होडी आहे, माणसं उतरवायची,
आणि बसते ती नेमकी या दाराच्या पुढ्यात.
एकदा बसवली की दार दिसणार नाही,
दिव्याखाली धरलं तरी नाही.
ती वल्ह्यांसकट तयार आहे बशीत, गेल्या मंगळवारपासून.

स्तेफानिया विचारते, संपणार कधी तुझं?
मी म्हणते, डिंक ओला आहे अजून.