दोन गुणांचा प्रश्न

सर्जेकोटच्या शाळेत, आठवीच्या फळ्यावर
मी दोन शब्द लिहिले : सिंक आणि ड्राउन.
मराठीत दोन्ही बुडणेच, मी म्हणालो,
आपलं एकच क्रियापद सगळीकडे राबतं.
दिवस बुडतो, तास बुडतो, रोज बुडतो,
सोसायटीचं कर्ज बुडतं, आणि बुडवणारा
चतुर्थीला वर्गणीची पावती फाडत हिंडतो.
पोरं हसली. मागच्या बाकावरून
कुणी तरी हळूच नावही घेतलं.

इंग्रजी मात्र आधी विचारतं,
बुडणाऱ्याला श्वास होता का?
होता, तर ड्राउन.
नांगर, नाणं, होडी : सिंक.
माणूसही सिंक होतो कधी,
पण तो खुर्चीत, दमून.
ते पुढच्या वर्षी.

मी घाटावरचा. मला पोहता येत नाही.
नियम येतो.

चाचणीत हर्षला तारीनं लिहिलं :
द बोट ड्राउन्ड. माय अंकल सँक.
मी लाल पेनानं दोन गोल केले,
या शब्दाचा बाण त्या जागी,
त्याचा या जागी,
आणि समासात शून्य.

मधल्या सुट्टीत ती पेपर घेऊन आली.
गुण मागायला नव्हे.
'सर, होडी एकदम नाय गेली.
नाळ वर काढून रवली,
तोंड उघडल्यान, पाणी पित पित
आरडत हुती, फळी न् फळी.
बाबा सांगतत, अर्धो तास.'
खिडकीबाहेर रापण ओढत होते.
दोराचा आवाज वर्गापर्यंत येत होता.
'काको आरडलोच नाय.
जाळ्याच्या शिशासारखो,
सरळ खाली.'

माझ्या हातात खडू होता,
तो मी उगाच खिशात ठेवला.
मग म्हणालो, बोर्डाचा पेपर तपासणारा
सर्जेकोटचा नसेल गं.
'म्हायत आसा, सर.'

दुसऱ्या दिवशी तिनं चूक सुधारून आणली,
पाच वेळा, शिरस्त्याप्रमाणे.
द बोट सँक. माय अंकल ड्राउन्ड.
अक्षर नेहमीचं, किंचित डावीकडे कललेलं.
पाचव्या ओळीत 'अंकल'पर्यंत येऊन
पुढची जागा कोरी.

मी तारीख घातली,
सही केली,
वही परत दिली.