नावं ठेवणं

दहा मिनिटांत लिहिलं होतं मी ते वाक्य.
खरं तर लिहिलंही नाही,
मागच्या कामातून उचललं,
तिथे ते त्याच्याही मागच्या कामातून आलं होतं:
"हे संकेतस्थळ सुगम्यतेच्या सर्व मानकांचे पालन करते."
पानाच्या तळाशी, करड्यावर करडं,
कोणी वाचू नये इतपत बारीक.

तपासणीच्या यंत्राने शंभरात अठ्ठ्याण्णव दिले.
साहेबांनी सगळ्यांना तर्री-पोहे मागवले.
दोन गुण कुठे गेले, कोणी विचारलं नाही.
बारावीत असतो तर मी विचारलं असतं.

मग मे महिन्यात, ग्राहकाच्या हट्टापायी,
लॅपटॉप घेऊन इंदोऱ्याला गेलो,
कुंदा गजभिये यांच्या घरी.
दुपारचे तीन. रस्त्यावर कुत्रंही नाही.
त्या बादलीने कूलरमध्ये पाणी ओतत होत्या,
आवाजावरून भरल्याचं ओळखून थांबल्या.
फरशीवर एक थेंब नाही.
"बस," म्हणाल्या. "काय आणलं?"
दवाखान्याचं आहे ताई, अपॉइंटमेंट घ्यायची फक्त.
"फक्त," त्या म्हणाल्या.

माऊस त्यांनी बाजूला सारला,
ताटातली कढीपत्त्याची पानं सारावीत तसा.
मशीन बोलू लागलं, इतकं भरभर
की मला माझंच पान ओळखू येईना:
चित्र. चित्र. बटण. बटण. चित्र.
लिंक, इथे क्लिक करा. लिंक, इथे क्लिक करा.
बटण.

"काय आहे रे त्या चित्रात?"
एकात डॉक्टर. हसतायत.
दुसऱ्यात ओपीडीकडे जायचा नकाशा.
"मंग नुसतं 'चित्र' काहून लिहिलं?"
रिकामं ठेवलं तर यंत्र गुण कापतं, ताई.
"म्हणजे यंत्रासाठी लिहिलं."
मी कूलरकडे पाहिलं.
तो आपला घुमत होता, खसाचा ओला वास सोडत.

तारखेच्या चौकटीत त्या शिरल्या
आणि बाहेर पडता येईना.
टॅब, टॅब, टॅब,
सोमवार, मंगळवार, फिरून सोमवार,
व्हरायटी चौकात गल्ली चुकलेल्या ऑटोसारख्या
मे महिन्याभोवती चकरा.
मी करून देऊ का, म्हणालो.
"दर वेळी येशील इंदोऱ्याला?"

शेवटी सगळं सोडून त्या तळाशी गेल्या.
तिथे मशीन क्षणभर थांबलं, घसा खाकरल्यासारखं,
आणि अख्ख्या पानातलं ते एकच वाक्य
न अडखळता, पूर्णविरामासकट वाचलं:
हे संकेतस्थळ सुगम्यतेच्या सर्व मानकांचे पालन करते.

कुंदाताई इतक्या हसल्या
की आतून पुतण्या पाहायला आला, काय झालं म्हणून.
"हे मात्र झकास वाचता येते बाप्पा!"

चहा पिताना म्हणाल्या,
"आमच्या ऑफिसात म्हणतात,
गजभिये बाई सगळ्याला नावं ठेवते.
म्हटलं, मीच किती दिवस ठेवू?
तुम्हीही ठेवा नं एखाद वेळी.
बटणांना."

परतताना कडबी चौकाच्या अलीकडे
फूटपाथवरची उंचवट्यांची पिवळी पट्टी
पहिल्यांदा पायांनी वाचत गेलो.
ती सरळ उसाच्या रसाच्या गाडीत घुसली
आणि पलीकडून पुन्हा निघाली,
मधे काही घडलंच नाही अशी.
तिचंही कुठे तरी फायलीत प्रमाणपत्र असेल.
अठ्ठ्याण्णवचं.

ऑफिसात येऊन वाक्य काढून टाकलं.
साहेब म्हणाले, टेंडरमध्ये अट आहे, परत टाक.
टाकलं.

मग सगळे गेल्यावर बसलो.
सत्तेचाळीस बटणं होती.
पहिल्याला नाव ठेवलं: मागचा महिना.
दुसऱ्याला: पुढचा महिना.
तिसरं नेमकं काय करतं
ते माझं मलाच आठवेना.