दोन इंच

उद्यमबागेत लेथवर कातून आणलेले
दोन इंची स्पेसर,
गोणपाटात, तेलाच्या वासासकट.

खानापुरात फकिराप्पाच्या शेडमध्ये
पिकअपचं नाक जॅकवर.
"इन्नू स्वल्प," तो खालून म्हणतो,
मी दांडा मारतो.
"साकु."
एवढं कन्नड पुरतं आम्हाला.

स्प्रिंग क्लॅम्पमध्ये दाबून धरलेली.
सुटली तर बोटं नेईल,
म्हणून रेडिओ बंद.

जांबोटीच्या वाटेला दर खेपेत
बंपर दगडाला भिडायचा,
मागं चार-दोन माठ तडकायचे;
मी आवाजावरून मोजायचो.

नट आवळले. जॅक उतरला,
गाडी मात्र उतरेना,
नव्या चपलेत उभी असल्यागत.

रात्री दिवे लावले
तर उजेड थेट जांभळीच्या शेंड्यात.
वटवाघळं उठली.
रस्ता काळाच.

फकिराप्पा स्क्रूड्रायव्हर शोधत म्हणाला,
"हिची नजर उतरवाय पाहिजे की."