आठ मेगाबाइटचं बिऱ्हाड

सोहारच्या पाणी-कारखान्यात, जिथे समुद्र गोडा होतो,
एकशे बारा व्हॉल्व्ह आहेत. प्रत्येकावर
काडेपेटीहून थोडी मोठी एक राखाडी डबी,
आणि डबीत जागा किती, तर आठ मेगाबाइट.
तेवढ्यात लिनक्सचं बिऱ्हाड बसवायचं,
कडीकोयंड्यासकट.

मला हे काम जमतं.
वजन तीस किलोच्या वर गेलं म्हणून
विमानतळाच्या फरशीवर बॅग उघडून
लोणचं की चपला, हे ज्यांनी कधी ठरवलंय
त्या सगळ्यांना जमेल.

ब्लूटूथ? नाही.
आवाज? व्हॉल्व्हला कान नाहीत.
प्रिंटर, जॉयस्टिक,
कुठल्या कुठल्या कीबोर्डांच्या भाषा,
कुणीतरी कधीकाळी जीव लावून लिहिलेलं सगळं
नाही, नाही, नाही.
टेलनेटला तर उंबऱ्यावरूनच परत पाठवलं.
कर्नल उतरत गेला
तापातून उठलेल्या माणसासारखा:
हाडं दिसू लागली, पण उभा राहिला.

रूट फक्त वाचण्यापुरता.
चालू होताना सही तपासायची,
सही चुकली तर तिथेच थांबायचं,
अंधारात, पण अडून.

खल्फान अल-मामरी, रात्रपाळीचा,
चहाचा कागदी कप माझ्या टेबलावर ठेवून म्हणाला,
एक दार ठेव ना माझ्यापुरतं.
रात्री तीनला पंप अडला तर कुणाला उठवू?
मी म्हटलं, दाराला तू कोण आणि दुसरा कोण
हे कळत नाही.
तो हसला नाही. कप उचलून गेला.
त्याचंही बरोबर होतं.
कंट्रोल रूमच्या कपाटात, कुलपाआड,
एक केबल ठेवली आणि एक चावी,
रजिस्टरवर त्याचं नाव.

मग एका जुन्या डबीची फ्लॅश वाचून काढली,
फेकायचं ते निदान बघून फेकावं म्हणून.
आत एक खातं: परुळेकर.
शेवटचं लॉगिन चौदा वर्षांपूर्वीचं.
पासवर्ड फोडायला चार सेकंद लागले.
केळशी.
नुसतं केळशी. पुढे एखादा आकडासुद्धा नाही.

आणि आत येणाऱ्याला पहिल्यांदा दिसते त्या फाइलमध्ये,
रोमन लिपीत, एकच ओळ:
जेवलास का?

त्या दारानं येणारा तो एकटाच.

स्टोअरमधला सजीश म्हणाला, होता एक.
चष्मा वाफेनं भरला की शर्टाला पुसायचा.
इथे सगळेच पुसतात.

चौदा वर्षं, ज्याला केळशी ठाऊक
त्याला अख्ख्या शहराचं पाणी वळवता आलं असतं.
कुणाला ठाऊक नव्हती,
एवढीच काय ती सुरक्षा.

खातं काढलं. ती ओळही काढली.
अकरा बाइट, ओळ संपल्याच्या खुणेसकट.
लॉगिनच नाही, तर विचारायचं कुणाला.
इमेज दोनदा बांधली, दोन वेगळ्या मशीनवर,
दोन्ही हॅश शेवटच्या अक्षरापर्यंत जुळले.
सही केली. खल्फानला दाखवलं.
त्यानं केबलचं टोक हातात घेऊन
उगाच एकदा फुंकर मारली.

बाहेर ऑगस्ट. चष्मा भरला.

खोलीवर आल्यावर आधी माझा पासवर्ड बदलला.
काय होता ते लिहीत नाही.
नवा बावीस अक्षरांचा आहे,
कुठल्याच नकाशावर नाही.
पण दमून आलं की बोटं अजून
पहिली चार अक्षरं गावाकडची मारतात
आणि पडदा म्हणतो, चूक.