दुरुस्ती

वागळे इस्टेटमध्ये बावीस वर्षं
मी औषधांच्या खोक्यांवरची अक्षरं तपासते.
'मुलांच्या हाती लागू देऊ नये'
हे पाच पॉइंटात, जिथे बसत नाही तिथे, बसवते.
साडेसहाला कार्ड पंच होतं,
डोळे पंच होत नाहीत.

तीन हात नाक्याला रिक्षातून उतरले की सुरू.
दंतवैद्याच्या पाटीवर एक दाढ हसते आहे,
आणि त्या दाढेला पुन्हा दात आहेत.
वर्षानुवर्षं हसते आहे, कुणी दचकत नाही.

पुढे 'पौणिर्मा ड्राय क्लीनर्स'.
रफार एक घर पुढे सरकलाय,
अकरा महिन्यांचा करार संपलेल्या भाडेकरूसारखा.
मालकाला एकदा सांगितलं मी.
तो बराच वेळ पाटीकडे बघत राहिला,
मग म्हणाला, साडी आणलीय का?

बँकेच्या फलकावरचा ल बघा.
आम्ही शाळेत गिरवला तो दोन्हीकडे वाकून
दांडीशिवाय उभा राहायचा.
हा दांडीला टेकलाय, थकल्यासारखा,
त्याच्या खाली मात्र लिहिलंय : आपली बँक.

खांबावर वाढदिवस. शेजारच्या खांबावर श्रद्धांजली.
अक्षर तेच, सोनेरी, फुगलेलं, मागे तीच सावली.
दोन्ही फोटोंत माणूस मोबाइलवर बोलतोय.
एकाला हार आहे, म्हणून कळतं.

केतकी म्हणते, आई,
पाट्या वाचायच्या असतात गं.

तिला मी लॅबमधला बाण सांगितला.
'रक्त तपासणी' आणि बाण उजवीकडे,
उजवीकडे भिंत, भिंतीवर लाल अग्निशामक.
त्याच्यासमोर एक आजोबा
उपाशीपोटी, बाही वर करून,
शिस्तीत उभे होते.
ती हसली. मग हसायची थांबली.

परवा आमच्या खोपटच्या सोसायटीत
लिफ्टच्या दारावर कॅलेंडरचं पान, पाठीमागून कोरं.
निळ्या मार्करने :

लिफ्ट बंद आहे.
दुरूस्ती चालू.
ओझं असेल तर मला हाक मारा.

खाली नाव नव्हतं. लागतही नव्हतं.
शिरोरेषा एका दमात ओढलेली,
ओळींमधे श्वास घ्यायला जागा,
'बंद' सगळ्यात ठळक, 'हाक' त्याच्या खालोखाल.
आमच्या आर्ट डिपार्टमेंटला हे जमायला
तीन मीटिंगा लागल्या असत्या.
फक्त कागद फार खाली चिकटवलेला, जवळजवळ कमरेपाशी.

सावरे, इतकं खाली का?
वॉचमन सावरे म्हणाले,
तिसऱ्या मजल्याच्या कर्णिकबाई.
त्यांची मान वर होत नाही ना.

बावीस वर्षांत
फाँट, रंग, कडेचं अंतर, सगळं शिकले,
वाचणाऱ्याला मान असते
हे कुणी सांगितलं नव्हतं.

इथे कविता संपली असती तर बरं झालं असतं.

पण 'दुरूस्ती'तला रू दीर्घ होता.
पर्समध्ये लाल पेन होतं.
सावरे मोटार चालू करायला मागे गेले तेवढ्यात
मी वाकले
आणि त्या रूची शेपटी खोडून
वर बारीक, सुबक ऱ्हस्व रु काढला.
सवय. दुसरं काय म्हणणार.

आज पाण्याची टाकी धुणार आहेत.
नवा कागद लागलाय, त्याच उंचीवर.
एकही चूक नाही.
अक्षरं मात्र लहान झालीत,
कागदाच्या कोपऱ्यात, एकमेकांना चिकटून,
ऱ्हस्व-दीर्घ दोनदा गिरवलेले.
आणि शेवटची ओळ,
हाक मारायची,
ती नाहीच.

लाल पेन पर्समध्ये आहे.
कर्णिकबाई जिन्यावरून उतरतायत,
कागदाशी थांबल्या,
डोळे बारीक केले,
मला विचारतायत,
काय लिहिलंय गं?